कडधान्ये एकदा शिजवा, चार वेळा वाढा
(शेती कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचं बोलणं शेतातलं थोडं आणि स्वयंपाकघरातलं जास्त आहे. शेतीच्या कार्यक्रमात फ्रीजची गोष्ट कशाला, असं काहींना वाटेल. पण माल बाजारात गेला म्हणजे काम संपलं असं नाही. तो घेणाऱ्याच्या घरी शिजला पाहिजे. शिजला, खाल्ला, आवडला, तरच पुढच्या महिन्यात पुन्हा मागणी येते. वाल, चवळी, हरभरा, राजमा यांचं घोडं नेमकं इथेच अडतं.

मीरा रोड पूर्वेच्या शांती नगरचंच उदाहरण घ्या. एके काळी मिठागरं आणि भातखाचरं असलेल्या या टापूत आज सेक्टरमागून सेक्टर इमारती उभ्या आहेत. घरातली दोन्ही माणसं सकाळची लोकल गाठणारी. वाल करायचे म्हटलं तर आदल्या दिवशी भिजवा, मग मोड आणा, मग एकेक दाणा सोला. आठवड्याच्या धावपळीत एवढी सवड कुणाला? मग कडधान्य डब्यात पडून राहतं, त्याला भुंगा लागतो आणि ताटात पुन्हा बटाटाच येतो. यात दोघांचं नुकसान आहे. घरातल्या मुलांना प्रथिनं कमी पडतात आणि अलिबाग, पेण, रोह्याकडे भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल घेणाऱ्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक तुटतं.

कोरड्या कडधान्यात १०० ग्रॅममागे साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. तांदळात ७-८ ग्रॅम. भात किंवा भाकरीबरोबर उसळ खाल्ली की एकात जे कमी ते दुसरं भरून काढतं. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळलं आणि २०१९ पासून १० फेब्रुवारी हा जागतिक कडधान्य दिन ठरला, तो उगीच नाही.

यावर उपाय सोपा आहे. सुट्टीच्या दिवशी एकदम शिजवा, लहान पुड्या करा आणि गोठवून ठेवा.

कोणती कडधान्ये घ्यावीत?
हरभरा, काबुली चणे, राजमा, काळे वाटाणे, चवळी आणि वाल यांना वेळ लागतो. म्हणून त्यांचीच ही तजवीज करावी. मुगाची किंवा मसुरीची डाळ लवकर शिजते, तिच्यासाठी बर्फाच्या कप्प्यातली जागा अडवू नये. घेताना नव्या हंगामाचा माल घ्यावा. उष्ण, दमट जागी दीर्घ काळ राहिलेला दाणा कितीही शिट्ट्या केल्या तरी कडक राहतो. बोअरचं जड पाणी असेल तरी दाणा लवकर मऊ होत नाही. अशा वेळी पिण्याचं पाणी वापरावं.

भिजवणे आणि शिजवणे
कडधान्य निवडून, धुऊन तिप्पट पाण्यात ८ ते १२ तास भिजवावं. उन्हाळ्यात भांडं फ्रीजमध्ये ठेवलं तर पाणी आंबत नाही. भिजवलेलं पाणी टाकून द्यावं आणि शिजवायला ताजं पाणी घ्यावं.

कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. फेस वर येऊन शिट्टीची वाट बुजते आणि ते धोक्याचं असतं. ५ लिटरच्या कुकरात अर्धा किलो कोरडं कडधान्य पुरे. एक किलो करायचं तर दोनदा लावावं. एक चमचा तेल घातलं तर फेस कमी येतो. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करावी. चवळी लवकर होते. राजमा आणि चण्यांना १५ ते २० मिनिटं लागतात. दाणा बोटांनी दाबला की मऊ लागावा, पण पीठ होऊ नये. पुढे फोडणीत तो पुन्हा शिजणार आहेच.

चिंच, कोकम, टोमॅटो शिजवताना घालू नये. आंबटाने दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. खाण्याच्या सोड्याचीही सवय नको. त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

राजम्याबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असतं आणि थोडेसेच अर्धकच्चे दाणे खाल्ले तरी उलट्या-जुलाब होतात. ते चांगलं भिजवून, पाणी बदलून, निदान १० मिनिटं खळखळ उकळल्यावरच जातं. कुकरात हे काम होतं. नुसत्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवलेला राजमा मात्र भरवशाचा नाही.

गार करणे: इथे हयगय नको
सगळ्यात जास्त चूक इथेच होते. रात्री कुकर उतरवला आणि सकाळपर्यंत ओट्यावरच राहिला, असं करू नका. काही जंतूंची बीजं उकळीतूनही वाचतात. आपल्याकडच्या दमट हवेत ती कोमट अन्नात झपाट्याने वाढतात. त्यांतल्या काहींनी सोडलेलं विष पुन्हा उकळूनही जात नाही.

म्हणून शिजलेलं कडधान्य चाळणीत निथळावं, परातीत बोटभर जाडीचं पसरावं आणि पंख्याखाली ठेवावं. शिजवलेलं पाणी वेगळ्या पातेल्यात घेऊन ते पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवावं. तासाभरात दोन्ही फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. कढत भांडं मात्र बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. बाजूचे पदार्थ वितळतात.

पुड्या बांधणे
एक किलो कोरड्या कडधान्याचं शिजून सव्वादोन ते अडीच किलो होतं. चार माणसांच्या एका वेळच्या उसळीला साधारण ५०० ते ६०० ग्रॅम लागतं. म्हणजे एका किलोत चार वेळा भागतं. तेवढ्याच मापाच्या पुड्या किंवा डबे करावेत. दाणे बुडतील इतकं शिजवलेलं पाणी घालावं. वर बोटभर जागा मोकळी सोडावी, कारण गोठताना पाणी फुगतं. पिशव्या चपट्या करून आडव्या ठेवाव्यात; लवकर गोठतात आणि लवकर सुटतात. प्रत्येकीवर नाव आणि तारीख घालावी. फोडणी आणि मसाला नंतर, म्हणजे एकाच चण्यांची आज उसळ आणि परवा छोले होतात.

किती दिवस टिकेल?
डीप फ्रीझर किंवा दोन दारी फ्रीजचा वरचा कप्पा उणे १८ अंशांवर असतो. तिथे दोन-तीन महिने चव चांगली राहते. एक दारी फ्रीजमधला बर्फाचा छोटा कप्पा बहुधा इतका थंड होत नाही. त्यातला माल आठवड्याभरात संपवावा. नुसत्या फ्रीजमध्ये शिजलेलं कडधान्य तीन दिवसांवर ठेवू नये.

वीज गेली तर दार उघडून पाहत बसू नका. बंद ठेवलेला, गच्च भरलेला डीप फ्रीझर सुमारे दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. लहान कप्पा तितका वेळ धरत नाही.

वापरताना पुडी आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये काढून ठेवावी, किंवा गोठलेलीच पातेल्यात टाकावी. चांगली उकळी आणावी. एकदा सुटलेली पुडी परत गोठवू नये.

वालाच्या डाळिंब्या
वालात खरा वेळ शिजवण्यात जात नाही, सोलण्यात जातो. तेव्हा सोलूनच ठेवावेत. भिजवून पाणी टाकून द्यावं, मोड आणावेत, कोमट पाण्यात घालून साली काढाव्यात. ज्या घरात दोन जास्तीचे हात, पुरुषांचे आणि मुलांचेही, या कामाला लागतात, तिथे ते गप्पा मारता मारता उरकतं. डाळिंब्या उकळत्या पाण्यात २ मिनिटं घालाव्यात, लगेच गार पाण्यात काढाव्यात आणि निथळून ताटात सुट्या पसरून गोठवाव्यात. मग पिशवीत भराव्यात, एकमेकींना चिकटत नाहीत. बिरडं करायच्या दिवशी तशाच फोडणीला टाकून पूर्ण शिजवाव्यात.

शेतकरी बंधूंसाठी
कडधान्याचा भुंगा शेतातूनच दाण्याबरोबर येतो. म्हणून माल कडक वाळवून, गार करून, कोरड्या हवाबंद भांड्यात भरावा. घरच्या साठ्याला किलोमागे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळलं तरी उपद्रव कमी होतो. शहरातल्या भगिनींनी लहान पाकीट आणलं असेल तर ते बंद पिशवीत चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावं. अंडी, अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पूर्ण कोमट झाल्याशिवाय पिशवी उघडू नये, नाहीतर दाण्यावर पाणी धरतं.

वालाच्या सुधारित वाणांसाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे किंवा आपल्या तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. थेट विक्री करणाऱ्यांनी अर्धा किलोची पाकिटं करावीत आणि त्यावर हंगामाचं वर्ष लिहावं. नवा माल लवकर शिजतो, हे गिऱ्हाइकाला एकदा कळलं की तो पुन्हा तुमच्याकडेच येईल.

येत्या रविवारी एकाच कडधान्यापासून सुरुवात करून पाहा. मंगळवारी दमून घरी आल्यावर उसळ पंधरा मिनिटांत ताटात येते की नाही, ते तुम्हीच सांगाल.