मागे राहणाऱ्याचा हिशेब

(धाराशिव येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सभा सुरू होण्यापूर्वी एका भगिनीने मला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. ती पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण आहे. तिला दोन मुले आहेत आणि धाकटे अद्याप अंगणवाडीत जाते. परदेशी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा असे तिच्या मनात आहे. परंतु घरात विषय निघताच सासूबाईंनी विचारले, ‘मग लेकरांचं कोण बघणार?’ त्यावर कोणी काहीच बोलले नाही, आणि कागद ट्रंकेतच राहिले. मी आज दुसऱ्याच विषयावर बोलण्याची तयारी करून आलो होतो. ती बाजूस ठेवून या प्रश्नाबद्दलच बोलतो, कारण हा प्रश्न आपल्या समाजात शंभर वर्षांपूर्वीच उपस्थित झाला होता आणि तो परमपूज्य बाबासाहेबांच्याच घरात उपस्थित झाला होता.

बाबासाहेब विद्यार्थी म्हणून परदेशी गेले, तेव्हा ते एका मुलाचे बाप होते, ही गोष्ट आपण फारशी ध्यानात घेत नाही. यशवंतरावांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. पुढे २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी वारले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. मूल सात महिन्यांचे, घरचा कर्ता पुरुष नुकताच गेलेला, आणि मागे राहिलेल्या रमाबाई अवघ्या पंधरा वर्षांच्या! सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. त्यातूनच स्वतःचे पोट भरायचे, पुस्तके घ्यायची आणि घरीही काही पाठवायचे. बाबासाहेबांनी एका वेळच्या जेवणात दिवस काढले, हे आपण मुलांना मोठ्या अभिमानाने सांगतो आणि ते सांगितलेच पाहिजे. पण मुंबईच्या चाळीत त्या काळी किती वेळा चूल पेटली, याची नोंद कोणी ठेवली?

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. पुढे सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगारही चांगला मिळू लागला. आता संसाराला बरे दिवस येतील असे कोणालाही वाटले असते. परंतु त्या पगारातून घरखर्चापुरते काढून बाकीचे शिल्लक टाकले जात होते, ते पुन्हा लंडनला जाण्यासाठी. १९२० च्या जुलैत ते गेले. स्वतःची शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य एवढ्या पुंजीवर दुसरा प्रवास झाला. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते परत आले, तेव्हा प्रबंधात परीक्षकांनी सुचविलेल्या दुरुस्त्या अजून व्हायच्या होत्या. त्या त्यांनी मुंबईत, कुटुंबात बसून पुऱ्या केल्या आणि मग डी.एस्‌सी. ही पदवी मिळाली.

ती सगळी वर्षे रमाबाईंनी काढली. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. १९३५ च्या मे महिन्यात रमाबाईंनी देह ठेवला. पुढे बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. आपण रमाईची जयंती करतो, त्यांच्या त्यागाची गाणी म्हणतो. मला भय वाटते ते एवढेच की, गाणी म्हणता म्हणता हा त्याग बायकांनीच करायचा असतो, असा नियम आपण नकळत करून ठेवला आहे. बाबासाहेब निघाले तेव्हा ‘लेकराचे कोण बघणार?’ असे त्यांना कोणी विचारल्याचे मी कोठे वाचले नाही. उत्तर सर्वांना ठाऊकच होते. आज तीच शिष्यवृत्ती पत्नीस मिळाली, तर पती रमाईचे काम करील काय? सभेतील पुरुषांनी याचे उत्तर मला देऊ नये, घरी द्यावे. न्यूयॉर्कमध्ये असतानाच वडिलांच्या एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी मुलांबरोबर मुलींच्या शिक्षणाचाही आग्रह धरला होता, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

कोणी म्हणेल, लेकरे मागे ठेवून आईने दूर जाणे आपल्या रीतीत बसत नाही. या जिल्ह्यात तरी असे कोणी म्हणू नये. भूम, वाशी, कळंब या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर असते. ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडात राहायचे, आणि शाळेतली पोरे आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायची. त्या आईला रीत कोणी शिकवीत नाही. पोटासाठी केलेला वियोग समाजाच्या डोळ्यांत खुपत नाही. विद्येसाठी केलेला मात्र खुपतो.

तरीही सासूबाईंचा प्रश्न खोटा नव्हे. त्याचे उत्तर रुपये-आणे-पैशांत मांडले पाहिजे, म्हणून थोडा हिशेब सांगतो. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन आपल्या विद्यार्थ्यांसाठी मुख्य योजना. केंद्राच्या योजनेत वयाची मर्यादा पस्तीस वर्षे आहे आणि तीस टक्के जागा स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. राज्याच्या योजनेत पदव्युत्तर शिक्षणास पस्तीस व पीएच.डी.स चाळीस ही मर्यादा आहे. म्हणजे अर्जदार लग्नाचे, लेकुरवाळे असू शकतात हे शासनानेच मान्य केले आहे. मात्र पैसा एकट्याचा धरला आहे. विद्यार्थ्याची फी, निर्वाह आणि विमानभाडे मिळते. पती, पत्नी वा मुलांसाठी त्यात काही नसते. ब्रिटनसाठी निर्वाहाचा आकडा वर्षाला ९,९०० पौंड, म्हणजे महिना ८२५ पौंड. खुद्द ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये लंडनबाहेरच्या विद्यार्थ्याचा खर्च महिना १,१३६ पौंड धरला होता, आणि सोबत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे आणखी ६८० पौंड. एकट्यालाच जे पुरत नाही, त्यात तिघांचे कसे भागणार? आरोग्यसेवेसाठी दरवर्षी माणशी ७७६ पौंड आगाऊ भरावे लागतात, ते वेगळेच.

शिवाय नेण्याची परवानगी सर्वांना नाही. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने साध्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना कुटुंब आणण्यास बंदी केली. संशोधनाची पदवी घेणारे आणि सरकारी शिष्यवृत्तीवर येणारे यांना त्यातून सूट ठेवली. तेथे सोबत गेलेल्या जोडीदाराला नोकरी करता येते व मुलांना सरकारी शाळेत फीशिवाय शिकता येते. अमेरिकेतही सरकारी शाळा मुलांना मोकळी आहे, पण विद्यार्थ्याच्या जोडीदाराला तेथे कमावण्यास बंदी आहे. एकाच्या निर्वाहवेतनावर चौघे बसून खाणार, असा त्याचा अर्थ. तेव्हा देश निवडताना विद्यापीठाच्या नावाआधी जोडीदाराच्या हक्काचे कलम वाचावे.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर एक वर्षाचा अभ्यासक्रम असेल आणि घरी सांभाळणारे विश्वासाचे माणूस असेल, तर मुले येथेच राहू द्यावीत. तीन-चार वर्षांचे संशोधन असेल, तर पहिले वर्ष एकट्याने काढून मग त्यांना न्यावे. पण मुले मागे ठेवायची असतील, तर जाणाऱ्याने निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्याशी बसून लेखी बोलणी करावीत. दरमहा किती पैसे लागतील, ते कोठून येतील, मूल आजारी पडले तर दवाखान्याचा निर्णय कोण घेईल, शाळेच्या सभेस कोण जाईल, आणि सांभाळणारी आजी स्वतः अंथरुणाला खिळली तर काय? रमाबाईंशी अशी बोलणी करायला कोणी बसले नव्हते. आपल्याला बसता येते. शेजारच्या विहारातील दोन-तीन कुटुंबांनी पाळीपाळीने हातभार लावण्याचे मान्य केले, तर ते नावानिशी लिहून ठेवावे. कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब येऊन गेले, त्या परिषदेसाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी शिधा गोळा केलाच असेल. एका विद्यार्थिनीच्या दोन लेकरांसाठी तो आपल्याला जड जाऊ नये.

आता कागदांविषयी. पुष्कळांचे घोडे येथेच अडते. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या होत्या. १९९० च्या दुरुस्तीने त्या मिळाल्या, पण केंद्राच्या यादीसाठी मूळ जात लागते. म्हणून दाखल्यावर मूळ जात आणि बौद्ध धर्म या दोन्हींची नोंद आहे की नाही, हे आधी पाहावे. जात पडताळणीस वेळ लागतो. दुसरे असे की, आपल्याकडे बौद्ध पद्धतीने विवाह होतो, फोटो निघतात, जेवणे होतात, आणि नोंदणी राहून जाते. कुटुंबाला सोबत न्यायचे तर विवाहनोंदणीचा दाखला हवा. १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याने ही नोंदणी आवश्यक केली आहे व ती ग्रामपंचायतीतही होते. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईबापांची नावे पारपत्रावर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर जुळणारी असावीत. अल्पवयीन मुलाच्या पारपत्रासाठी आई आणि बाप दोघांचीही संमतीची सही लागते.

ज्या भगिनीने मला प्रश्न विचारला, तिचे यजमान मागच्या रांगेत बसले आहेत असे मला आताच कळले. सभा संपल्यावर त्यांनी दोन मिनिटे थांबावे. विवाहनोंदणीचा कोरा नमुना माझ्या पिशवीत आहे.