दर्शन म्हणजे पाहणे
(गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने चार शब्द बोलायला सांगितले. मी काही वक्ता नाही. रोज पहाटे राजा घाटावर फिरायला जातो, एवढीच माझी पात्रता. तेव्हा तिथे जे दिसते, तेच सांगतो.

राजा घाट आपल्याला परका नाही. अमृतराव पेशव्यांनी तो पक्का दगडी बांधून घेतला. तिथून उत्तरेकडे थोडे चालले की अहिल्याबाई घाट लागतो. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे आणि घाट सगळे पश्चिम काठावर. म्हणून सूर्य समोर, पलीकडच्या वाळवंटावर उगवतो.

सध्या, भाद्रपदात, हे फिरणे अर्धवट होते. पाणी पायऱ्या चढून येते आणि शेजारच्या घाटावर जायचे तर गल्लीतून वळसा पडतो. मग मी वरच उभा राहतो आणि काल किती पायऱ्या दिसत होत्या, आज किती, ते मोजतो. काशीत धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे. 1978 च्या महापुरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचा थर उरतो. तो आपण पंप लावून धुऊन काढतो. आपल्याला ती घाण वाटते, पण हाच गाळ शेतात पसरला की त्याचे खत होते.

थंडीत पांढरे कुरव पक्षी येतात. नावेतले प्रवासी त्यांना शेव टाकतात. मजा वाटते खरी, पण मासे खाणाऱ्या पाखराला तळलेले बेसन कशासाठी?

आणखी एक गोष्ट. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंत, म्हणजे आपल्या घाटांसमोरच, 1989 पासून कासवांचे अभयारण्य होते. सारनाथला वाढवलेली कासवे नदीत सोडत, ती अर्धवट जळालेले अवशेष खाऊन पाणी स्वच्छ ठेवतील म्हणून. 2020 मध्ये त्या अभयारण्याचा दर्जा काढून घेतला गेला. रोज गंगास्नान करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? मलाही ते बऱ्याच उशिरा कळले.

आता माझीच चूक सांगतो. एका वर्षी गौरी-गणपतीचे निर्माल्य मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गंगेत सोडले आणि हात जोडले. पाणी उतरल्यावर ती पिशवी खालच्या पायरीवर गाळात रुतलेली सापडली. आमच्या दुकानाचे नाव छापलेले होते, म्हणून ओळखली. आतली फुले कुजून काळी झाली होती. पिशवी जशीच्या तशी होती. मी ती उचलली तेव्हा आजूबाजूला कोणी नव्हते, तरी मान खाली गेली.

तेव्हापासून आमचे निर्माल्य अंगणातल्या खड्ड्यात जाते आणि मूर्ती मातीची असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती नकोत असेच सांगितले आहे. पण मला ते मंडळाने नव्हे, त्या पिशवीने शिकवले.

आपण गंगेचे दर्शन घेतो म्हणतो. दर्शन म्हणजे पाहणे. डोळे मिटून हात जोडायच्या आधी दोन मिनिटे उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहा, एवढीच विनंती. विसर्जनाच्या दिवशी तर नक्कीच.

गणपती बाप्पा मोरया!