पोटातले आम्ल आणि स्वादुपिंडाची कामगिरी



आपल्याकडे दोन माणसे भेटली आणि प्रकृतीची चौकशी निघाली, की एकाचे तरी उत्तर ठरलेले असते : "काय सांगावं, पित्त झालंय." छातीत जळजळले, आंबट ढेकर आले, की दोष पित्तावर. उपायही घरचाच. कोणी पाण्यात खाण्याचा सोडा टाकून घेतो, कोणी ओवा चावतो. अलीकडे त्यात एका नव्या सांगण्याची भर पडली आहे. 'तुमचे रक्त आम्ल झाले आहे, म्हणून स्वादुपिंड बिघडते, अन्न पचत नाही, मधुमेह होतो. तेव्हा अल्कधर्मी पाणी प्या,' असे निरोप मोबाईलवरून खेडोपाडी पोचतात. ह्यात खरे किती आणि खोटे किती, ते आज पाहू. कारण चुकीच्या समजुतीने पैसे जातात एवढेच नव्हे, कधी कधी जिवावरही बेतते.

प्रथम शब्द साफ करून घेऊ. लिंबू, चिंच, आमसूल, आंबट ताक ह्यांत आम्ल असते. चुन्याची निवळी, पापडखार, साबण हे अल्कधर्मी. शाळेच्या पुस्तकात त्यांना आम्लारी म्हणतात. हळदीचा डाग साबणाने धुताना तांबडा होतो, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. तो रंगबदल अल्काची खूण होय. शेतकरी बंधूंना दुसरे एक माप माहीत असेल. माती परीक्षणाच्या अहवालात 'सामू' म्हणून आकडा असतो. हे माप १९०९ साली कोपनहेगनच्या सोरेनसेन ह्या रसायनशास्त्रज्ञाने सुचवले. सामू ७ म्हणजे मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. एक अंक खाली उतरला की आम्लता दहापट वाढते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आता पोटात शिरू. आपण ज्याला 'पित्त वर आलं' म्हणतो, ते आंबट पाणी बहुधा जठरातले आम्ल असते. यकृतात तयार होणारा पित्तरस निराळा. तो कडू असतो आणि थोडासा अल्कधर्मी असतो. म्हणजे बघा, एकाच नावाखाली आपण दोन उलट गुणांचे पदार्थ घालून ठेवले आहेत! जठरातले आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, हे विल्यम प्राउट ह्या इंग्रज डॉक्टराने १८२४ साली दाखवले. भर कामाच्या वेळी त्याचा सामू दीड ते साडेतीनच्या दरम्यान असतो. ते आपले वैरी नव्हे. अन्नाबरोबर गेलेले बरेचसे जंतू ते मारते आणि डाळी, दूध, अंडी, मांस ह्यांतल्या प्रथिनांचे पचन सुरू करते.

पण हे आंबट कालवण पुढे लहान आतड्यात तसेच गेले तर? आतड्याच्या अस्तराला ते सोसणार नाही आणि तिथली पाचक द्रव्येही आम्लात काम करणार नाहीत. इथे स्वादुपिंडाची कामगिरी सुरू होते. हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवा असतो. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराला कमीच. तो दिवसाला लिटर-दीड लिटर रस आतड्यात सोडतो. ह्या रसाचा सामू ८ च्या आसपास असतो, कारण त्यात बायकार्बोनेट हा क्षार भरपूर असतो. खाण्याच्या सोड्यात असतो तोच हा घटक. म्हणजे बाजारातून आणायचा सोडा निसर्गाने आपल्या पोटातच तयार करण्याची सोय केली आहे.

मग आम्ल दाराशी आले, ही वर्दी स्वादुपिंडाला कोण देते? ह्याचे उत्तर जानेवारी १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग ह्या दोघांनी शोधले. तोवर समज असा होता, की ही वर्दी मज्जातंतूंवाटे जाते. त्यांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याचे सारे मज्जातंतू तोडले, फक्त रक्तवाहिन्या राखल्या, आणि त्या तुकड्यात सौम्य आम्ल घातले. स्वादुपिंडातून रस ठिबकू लागला! मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून आम्लात घोटले, गाळले आणि तो अर्क शिरेतून टोचला. पुन्हा रस वाहिला. वर्दी रक्तातून जात होती. त्या द्रव्याला त्यांनी 'सिक्रेटिन' नाव दिले. अशा रासायनिक निरोप्यांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंगने १९०५ साली वापरात आणला. आज सर्वतोमुखी असलेल्या ह्या शब्दाचा जन्म आपल्या पोटातल्या आम्लाच्या चौकशीतून झाला आहे.

ह्या कारभारातला जमाखर्चही पाहण्यासारखा आहे. जठर पोकळीत आम्ल सोडते, तेव्हा त्याच प्रमाणात अल्क रक्ताकडे वळवते. स्वादुपिंड आतड्यात अल्क सोडते, तेव्हा त्याच प्रमाणात आम्ल रक्ताकडे परतवते. जेवण पचेपर्यंत दोन्ही बाजू जवळपास मिळतात. वरची चूकभूल फुप्फुसे आणि मूत्रपिंडे दुरुस्त करतात. म्हणून निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ ह्या अरुंद पट्ट्यातच राहतो. मग त्याने लिंबाचे लोणचे खावो की पापड खावो.

आता अल्कधर्मी पाण्याचा हिशेब करू. समजा, सामू ९ असलेले एक लिटर पाणी आपण प्यालो. त्यातले क्षार बाजूला ठेवून नुसत्या सामूचे गणित मांडले, तर ते शमवायला सामू २ असलेल्या जठररसाचा एक मिलिलिटर, म्हणजे सुमारे वीस थेंब पुरतात. स्वादुपिंडापर्यंत त्या अल्काची वार्ताही पोचत नाही.

मग ही समजूत आली कुठून? तिचे मूळ राखेत आहे. जुन्या संशोधकांनी अन्न जाळून त्याची राख तपासली. फळे, भाज्या ह्यांची राख अल्कधर्मी निघाली; मांस आणि धान्य ह्यांची आम्लाकडे झुकली. राखेच्या पाण्याने कपडे धुणाऱ्या आपल्या पूर्वजांना पहिल्या गोष्टीचे नवल वाटले नसते. अशा आहाराने लघवीचा सामू बदलतो, हे खरे. पण लघवी बदलते ती रक्त बदलू नये म्हणून! भाजीपाला जरूर खावा, त्यात चोथा आहे, जीवनसत्त्वे आहेत. पण रक्त 'अल्कधर्मी' करण्यासाठी नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रक्त आम्ल झाल्याने स्वादुपिंड बिघडते, हा क्रमच उलटा आहे. स्वादुपिंड इन्सुलिनही तयार करते. इन्सुलिन फारच कमी पडले, किंवा घेणाऱ्याने ते मध्येच बंद केले, की शरीर चरबी जाळू लागते. त्यातून कीटोन नावाची आम्ले रक्तात साठतात आणि सामू ७.३ च्या खाली जातो. फार तहान, वारंवार लघवी, ओकाऱ्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास ही त्याची लक्षणे. अशा वेळी लिंबूपाणी नको, सोडाही नको. माणूस तातडीने इस्पितळात न्यावा. तिथे शिरेतून पाणी, क्षार आणि इन्सुलिन मिळाले, की बहुतेक रोगी वाचतात. 'अल्कधर्मी पाण्याने साखर उतरते' ह्या भरवशावर कोणी इन्सुलिन सोडले, तर तो आपण होऊन ह्या संकटाला बोलावतो.

दुसरे संकट स्वादुपिंडाच्या दाहाचे. प्रथिने पचवणारी द्रव्ये स्वादुपिंडात निष्क्रिय रूपात असतात आणि आतड्यात गेल्यावरच जागी होतात. ती आतच जागी झाली, तर अवयव स्वतःलाच पचवू लागतो. ह्याची दोन प्रमुख कारणे म्हणजे पित्ताशयातले खडे आणि दारू. पोटाच्या वरच्या भागात एकाएकी तीव्र कळ येते, पुष्कळदा पाठीत शिरते, ओकाऱ्या होतात. "पित्त असेल, सोडा घे आणि पडून राहा," असे म्हणत रात्र काढू नका. पोटाच्या वरच्या भागातले असे दुखणे हृदयविकाराचेही असू शकते. सोड्याने ढेकर येतो, कारण आम्लाशी मिळून त्याचा वायू होतो. ढेकर आला म्हणजे रोग गेला असे नव्हे. शिवाय त्यात सोडियम असते. रक्तदाबाच्या माणसाने तो नित्य घेणे बरे नाही.

स्वादुपिंड हळूहळू निकामी झाले, तर तूप-तेल पचत नाही. शौचाला तेलकट, दुर्गंधी, पाण्यावर तरंगणारे होते आणि वजन घटते. अशा रोग्याला डॉक्टर जेवणाबरोबर पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल देतात. आतल्या औषधावर असे वेष्टण असते, की जठरातल्या आम्लात ते टिकावे आणि आतड्यात जाऊन उघडावे. आम्ल-अल्काचे खरे ज्ञान असे उपयोगी पडते.

शिक्षक मित्रांनी हा पाठ वर्गात करून दाखवावा. पेल्यात हळदीचे पाणी घ्या, लिंबाचे चार-पाच थेंब टाका. मग चुन्याची निवळी चमच्या-चमच्याने घाला. सुरुवातीला रंग पिवळाच राहील. आम्ल सारे शमले, की पाणी तांबूस होईल. आतड्याच्या दाराशी रोज जेवणानंतर असाच मिलाफ चालतो. निवळी मुलांच्या तोंडात किंवा डोळ्यांत जाणार नाही, ही काळजी मात्र घ्यावी.

तेव्हा मंडळी, आम्ल कुठे हवे आणि अल्क कुठे हवे, हे शरीराला चांगले कळते. आपल्याकडे काम उरते ते थोडे : दारू आणि तंबाखूपासून दूर राहावे, जेवण बेताचे आणि वेळेवर घ्यावे, मधुमेहाचे औषध मनाने सोडू नये, आणि न थांबणारी पोटदुखी 'पित्ता'च्या नावावर खपवू नये. घरात कोणाला अशी कळ आली, तर सोड्याची बरणी उघडण्याआधी दवाखान्याची वाट धरा.