एकेक काम हातावेगळं



इंग्लंडमध्ये सोमवार हा धुण्याचा वार होता. रविवारी सगळे स्वच्छ कपडे घालत, आठवड्याचे मळके एका बाजूला निघत आणि सोमवारी उजाडायच्या आत घरातली बाई धुण्याला लागे. विटांच्या चुलीत बसवलेल्या तांब्याच्या हंड्यात पाणी उकळायचं, कपडे त्यात शिजवायचे, मग टबात घालून लाकडी दांड्याने घुसळायचे. या दांड्याच्या टोकाला चार-पाच लाकडी पाय असत आणि वर आडवी मूठ. डाग राहिले तर खाचांच्या फळीवर घासायचं. मग विसळायचं, नीळ घालायची, खळ द्यायची आणि शेवटी दोन रुळांच्या यंत्रात पिळायचं. आपल्याकडे उसाचा चरक असतो ना, तसंच ते यंत्र. एका हाताने ओली चादर रुळांत सरकवायची, दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. त्या दिवशी वेगळा स्वयंपाक करायला सवडच नसे. रविवारचं उरलेलं मांस थंडच पानात यायचं.

त्या निळीचा एक धागा आपल्यापर्यंत आलेला आहे. इंग्लंडमधल्या हल गावच्या रेकिट कंपनीची रॉबिन नीळ पुढे आपल्याही मोरीत आली आणि आपल्या आजीने, आईने धोतरांना आणि सदऱ्यांना लावली.

आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते ब्रिटनमधल्या जुन्या धुलाई यंत्रांबद्दल. या यंत्रांची मॉडेलं ओळीने लावून पाहिली, की एक गोष्ट स्पष्ट होते. धुणं हे एक काम नव्हतंच; ती दहा कामांची साखळी होती, आणि प्रत्येक मॉडेलने त्यातली एखादीच कडी सोडवली. कुणी घासणं घेतलं, कुणी पिळणं घेतलं, कुणी यंत्राशेजारी उभं राहणं घेतलं. म्हणून कोणतंही जुनं मॉडेल पाहताना मी एकच प्रश्न विचारतो: याने बाईच्या हातातलं कोणतं काम काढून घेतलं आणि कोणतं ठेवलं?

सुरुवात यंत्रापासून झाली नाही, गरम पाण्यापासून झाली. १८३२ साली लिव्हरपूलमध्ये कॉलऱ्याची साथ आली. किटी विल्किन्सन नावाची एक कष्टकरी बाई तिथे राहत होती. गल्लीत पाणी तापवायची सोय तिच्याच घरी होती. तिने शेजारणींना सांगितलं, साथीतले कपडे, अंथरुणं माझ्याकडे आणून धुवा. त्यातून १८४२ साली लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक धुलाईघर उभं राहिलं आणि १८४६ मध्ये अशी धुलाईघरं व स्नानगृहं बांधण्यासाठी ब्रिटिश संसदेने कायदा केला. स्वच्छ कपडा हा आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो एकटीच्या बळावर सुटणारा नाही, हे एका गरीब बाईने शहराला पटवून दिलं. यंत्रांच्या इतिहासात तिचं नाव सहसा येत नाही. माझ्या मते ते पहिलं यायला हवं.

एकोणिसाव्या शतकात यंत्रंही आली. सॅलफर्डच्या थॉमस ब्रॅडफर्ड कंपनीने आपल्या यंत्रांना इंग्रजी स्वरांची नावं दिली होती. लाकडी पेटी, तिला फिरवायचा दांडा, वर पिळायचे रूळ. दांडा मात्र हातानेच फिरवायचा, म्हणजे कष्टाची फक्त जागा बदलली. वीज आल्यावर गोष्ट खऱ्या अर्थाने पुढे सरकली. डार्लस्टन या इंग्लंडच्या मध्य भागातल्या औद्योगिक गावात विल्किन्स अँड मिचेल नावाची कंपनी पत्रा दाबायचे अवजड प्रेस बनवायची. तिने १९२९ मध्ये ‘सर्व्हिस’ या नावाने धुलाई यंत्र बाजारात आणलं. पण अशी यंत्रं तेव्हा सुखवस्तू घरांपुरतीच होती. बाकीच्यांचा सोमवार होता तसाच राहिला.

चित्र बदललं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धासाठी उभे राहिलेले कारखाने रिकामे झाले, पत्रा कापणारे, मोटारी बसवणारे कुशल हात मोकळे झाले. ब्रिस्टॉलजवळच्या येट गावात पार्नल कंपनी लढाऊ विमानांवरच्या तोफांचे मनोरे बनवत असे. १९४१ मध्ये जर्मन विमानांनी त्या कारखान्यावर बाँब टाकले आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. युद्ध संपल्यावर त्याच कारखान्यातून धुलाई यंत्रं निघू लागली.

आणि मग मर्थर टिडव्हिल. दक्षिण वेल्समधलं हे गाव एके काळी लोखंडाच्या भट्ट्यांसाठी जगभर प्रसिद्ध होतं. त्या एकेक करून बंद पडल्या आणि १९३०च्या दशकात घरोघरी बेकारी आली. तिथे ऑक्टोबर १९४८ मध्ये हूव्हर कंपनीचा कारखाना सुरू झाला. कंपनी मूळची अमेरिकन, पण हे यंत्र घडलं ब्रिटिश कामगारांच्या हातून आणि ब्रिटिश घरासाठी. मॉडेलचा क्रमांक ०३०७.

हे यंत्र जरा जवळून पाहू. पांढऱ्या रंगाची एक लहानशी चौकोनी पेटी, स्वयंपाकघरातल्या मोरीशेजारी मावेल एवढीच. आत एक टब. टबाच्या बाजूच्या भिंतीत एक गोल चकती. वीज सुरू केली की ती जोरात फिरायची आणि पाण्याला भोवरा द्यायची. त्या पाण्यात कपडे घुसळले जायचे. वर पिळायचे दोन रूळ आणि त्यांना फिरवायला हाताचा दांडा. पाणी तापवून आपणच घालायचं, कपडे आपणच बाहेर काढायचे, विसळायचे, दांडा फिरवून पिळायचे. म्हणजे या यंत्राने एकच काम घेतलं: घासणं आणि घुसळणं. पण तेच काम मनगटं मोडणारं होतं. १९५१च्या जनगणनेत ब्रिटनमधल्या तिघांतल्या एकाहून जास्त कुटुंबांच्या घरी आंघोळीचा कायमचा टबही नव्हता. अशा घरांत ही छोटी पेटी मावत होती, आणि हीच तिची थोरवी.

ही चकती पुढे फार लांब गेली. जपानच्या सान्यो कंपनीने हूव्हरच्या या ब्रिटिश यंत्राचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये त्याच तत्त्वावर आपलं यंत्र काढलं. जपानी घरांत ते झपाट्याने पसरलं. पुढे भिंतीतली चकती तळाशी गेली. १९८०च्या दशकात औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने जपानी तंत्रज्ञानाच्या साहाय्याने धुलाई यंत्रं आणली, तेव्हा आपल्या घरांत आली तीही चकतीचीच यंत्रं. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी मोऱ्यांमध्ये आणि गॅलऱ्यांमध्ये जे सेमी-ऑटोमॅटिक यंत्र घुमतं, त्याच्या तळाशी फिरणाऱ्या चकतीच्या वंशावळीत वेल्सच्या त्या गावाचाही वाटा आहे.

ज्यांना यंत्र परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी ९ मे १९४९ रोजी लंडनच्या क्वीन्सवे भागात ब्रिटनमधलं पहिलं ‘लाँडरेट’ उघडलं. सहा महिन्यांच्या चाचणीसाठी म्हणून ते सुरू झालं होतं. तिथे बेंडिक्स कंपनीची स्वयंचलित यंत्रं होती. पैसे भरायचे, कपडे टाकायचे, धुऊन न्यायचे. किटी विल्किन्सनचा विचार शंभर वर्षांनी वेगळ्या रूपात पुन्हा रस्त्यावर आला.

घरातलं पुढचं पाऊल म्हणजे ट्विन टब. एका पेटीत दोन टब, एकात धुणं, दुसऱ्यात फिरकीने पाणी झटकणं. हूव्हरमॅटिक हे त्यातलं फार गाजलेलं नाव. पिळायच्या रुळांना रजा मिळाली. त्या रुळांत बटणं तुटत, कधी बोटंही सापडत. आता ओले कपडे शेजारच्या टबात टाकायचे, वरून रबरी चकती दाबायची, झाकण लावायचं. कपडे जवळजवळ सुके होऊन बाहेर. ट्विन टबवर धुण्याची एक शिस्त होती आणि ती पाहण्यासारखी आहे. यंत्राला चाकं असत. ते ओढून मोरीपाशी आणायचं, नळाला नळी लावायची, टब गरम पाण्याने भरायचा. त्या पाण्यात आधी पांढरे कपडे धुवायचे. ते लाकडी चिमट्याने उचलून फिरकीत टाकायचे. त्यांतून निघालेलं साबणाचं गरम पाणी पुन्हा धुण्याच्या टबात यायचं. मग त्याच पाण्यात रंगीत कपडे, आणि सगळ्यांत शेवटी कामावरचे, तेलकट, मातकट कपडे. एका टबभर पाण्यात सगळ्या घराचं धुणं. पाणी, साबण, इंधन, सगळ्याची काटकसर. आपल्याकडच्या गृहिणींना हे वेगळं सांगायला नको. मात्र सकाळभर यंत्राजवळून हलता येत नसे.

ट्विन टब सामान्य घरात पोहोचवण्यात जॉन ब्लूम या तरुण विक्रेत्याचा हात मोठा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्याने दुकानदारांना वगळून वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींतून थेट विक्री सुरू केली. कूपन भरून पाठवलं की विक्रेता दारात. हप्त्यांची सोय, आणि किंमत इतर कंपन्यांपेक्षा खूपच कमी. मोठ्या कंपन्यांनाही किमती उतरवाव्या लागल्या. जुलै १९६४ मध्ये त्याची रोल्स रेझर कंपनी कोसळली आणि अनेकांचे पैसे बुडाले. ती फसगत मी लहान मानत नाही. पण किमतींची भिंत एकदा पडली ती पडलीच.

१९६०च्या दशकातच हूव्हरचं ‘कीमॅटिक’ आलं. यंत्राबरोबर एक चपटी, चौकोनी प्लास्टिकची चावी मिळे. तिच्या कडांना खाचा असत, आणि प्रत्येक कडेवर कापडाचा प्रकार लिहिलेला असे. सुती पांढरं धुवायचं असेल तर ती कड यंत्राच्या फटीत घालायची. लोकर असेल तर दुसरी. चार कडा, दोन बाजू, म्हणजे आठ प्रकारची धुलाई. खाचा पाहून यंत्र पाणी किती गरम घ्यायचं, किती वेळ धुवायचं ते ठरवी. कोणत्या कापडाला किती आच सोसते, हे आईकडून मुलीकडे येणारं ज्ञान होतं. ते पहिल्यांदा प्लास्टिकच्या खाचांत उतरलं. घासणं गेलं होतं, पिळणं गेलं होतं. आता यंत्राशेजारी उभं राहणंही गेलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या तीनपैकी साधारण दोन घरांत धुलाई यंत्र होतं.

मग कारखान्यांचे दिवस फिरले. जानेवारी १९७२ मध्ये लिव्हरपूलजवळच्या कर्कबी इथला फिशर-बेंडिक्सचा कारखाना बंद होणार म्हटल्यावर कामगारांनी तो ताब्यात घेतला. पुढे तिथे कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि १९७९ पर्यंत टिकली. मर्थरच्या कारखान्यात ऐन भरात जवळजवळ पाच हजार माणसं काम करत. मार्च २००९ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. मधल्या काळात, २००० साली, अभियंते जेम्स डायसन यांनी एकमेकांच्या उलट दिशेने फिरणाऱ्या दोन पिंपांचं यंत्र काढलं. हाताने धुताना कापड जसं उलटसुलट चोळलं जातं, तशी हालचाल त्यांना यंत्रात आणायची होती. यंत्र महाग होतं. काही वर्षांतच ते बंद झालं. पण साठ-सत्तर वर्षांच्या प्रवासानंतरही अभियंत्यासमोर आदर्श होता तो धुणाऱ्या हाताचाच, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

श्रोतेहो, या साखळीतल्या बहुतेक कड्या सुटल्या. पण हिशेब पूर्ण व्हायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. यंत्र आलं तसे कपडे वाढले, रोज बदलायची सवय लागली. सोमवारचं धुणं सातही दिवसांत वाटलं गेलं. दुसऱ्यांचं धुणं करून पोट भरणाऱ्या बायकांचं काम गेलं. आणि कपडे गोळा करणं, पांढरे-रंगीत निवडणं, खिसे तपासणं, वाळत घालणं, घड्या करणं, ही कामं कोणत्याच मॉडेलने घेतली नाहीत. ती तिथेही बाईकडेच राहिली, इथेही बाईकडेच आहेत.

मर्थरच्या आणि डार्लस्टनच्या कामगारांनी, तिथल्या अभियंत्यांनी आपल्या वाट्याचं काम चोख केलं. बाईच्या मनगटावरचं ओझं त्यांनी खरोखर उतरवलं, आणि त्याबद्दल त्यांना मनापासून नमस्कार केला पाहिजे. उरलेल्या कामांसाठी नव्या मॉडेलची वाट पाहायची गरज नाही. ती घरातल्या माणसांनी आपसात वाटून घ्यायची आहेत, आणि त्याची सुरुवात आज संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढण्यापासून करता येईल.