परतीच्या लेबलावरचं वजन

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं. बोलीतच ठेवलं आहे.)



आज हप्त्याचा विषय नाही, वह्यांचाही नाही, तेव्हा जरा सैल बसा. आज पार्सलबद्दल बोलायचंय. सुरुवात माझ्या चुकीपासून करते. तुमच्यातल्या निम्म्या जणींना ती माहीतच आहे, उरलेल्यांना चहाच्या वेळी कळेलच.

मसाल्याच्या गटाने दिवाळीआधी दोन सीलिंग मशिनी ऑनलाइन मागवल्या. एकीचे १,४५० रुपये, पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून. दोन्हींची पट्टी नीट तापेना. पाकिटाचं तोंड चिकटायचं आणि बोटाने ओढलं की सुटायचं. मोबाइलवर रिटर्न टाकलं, तर दोन मशिनींच्या दोन वेगळ्या विनंत्या आणि दोन वेगळी लेबलं आली. ताईंनी मला फोन केला, "एक खोकं फाटलंय, काय करू?" मी पटकन बोलून गेले, "एकाच मोठ्या खोक्यात घाला की, जायचंय तर एकाच ठिकाणी."

पिकअपला आलेला पोरगा घाईत होता. त्याने खोक्यावर एक लेबल चिकटवलं आणि निघून गेला. मग नऊ दिवस ते खोकं गोदामात अडकून. शेवटी पैसे आले ते एकाच मशीनचे. दुसरीबद्दल उत्तर आलं, "तुमची वस्तू आम्हाला मिळालीच नाही."

असं का झालं ते समजून घ्या. परतीचं लेबल आपल्याला फुकट दिसतं, पण त्याचे पैसे विकणाऱ्याने आधीच भरलेले असतात, आणि ते ठरावीक वजनाचेच असतात. आमच्या लेबलावर २ किलो होतं. एक मशीन खोक्यासकट दीड किलोच्या आसपास, म्हणजे बरोबर बसत होती. दोन घातल्या आणि काट्यावर ३ किलो ४०० ग्रॅम आले. शिवाय लेबलावरचा बारकोड एकाच मशीनचा. गोदामातला माणूस बारकोड वाचतो, खोक्यात दुसरं काय आहे हे त्याला कोण सांगणार? म्हणून एक लेबल, एक वस्तू, एक खोकं. आणि फुकट मिळालेली पिशवी, कपडा, असलं काही परतीच्या पार्सलमध्ये भरू नका. घरच्या डब्यात परत देताना काहीतरी घालून द्यायची आपली सवय इथे चालत नाही.

हे झालं आपण विकत घेतो तेव्हाचं. आता आपण विकतो तेव्हाचं, इथे नीट लक्ष द्या, कारण इथे पैसे आपल्या खिशातून जातात.

गोधडीच्या गटाने गिऱ्हाइकाला परतीचं लेबल दिलं. गोधडी १ किलो ४०० ग्रॅमची. जाताना आपण दाबून घडी घातली होती, पार्सल ३५ सेंटीमीटर लांब, ३० रुंद, ८ उंच. गिऱ्हाइकाने परत पाठवताना घरातलं मिळेल ते खोकं घेतलं, ४५ बाय ३५ बाय २५. आत गोधडी आणि बाकी हवा. आपल्या खात्यातून ८ किलोचे पैसे कापले गेले! ताई म्हणाल्या, काटा बिघडलाय. काटा बरोबर होता.

कुरिअरवाले दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं, दुसरं आकाराचं, म्हणजे गाडीत पार्सल किती जागा खातं त्याचं. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. आकाराचं वजन काढायला लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटीमीटरमध्ये गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. काही कंपन्यांचा भागायचा आकडा वेगळा असतो, तो करार करतानाच विचारून घ्या. आपली घडी घातलेली गोधडी ८,४०० भागिले ५,०००, म्हणजे १.६८ किलो. दर बहुतेक अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने लागतो, म्हणून ती २ किलोत बसली. गिऱ्हाइकाचं खोकं ३९,३७५ भागिले ५,०००, ७.८७ किलो, टप्पा ८ चा.

मोजायला ब्लाउजचा टेप चालतो, पण त्याची सेंटीमीटरची बाजू वापरा. एका ताईंनी इंचाच्या बाजूने मोजलं आणि गोधडी शंभर ग्रॅमची निघाली. सगळ्या खूश!

पार्सल देण्याआधी ते पापडाच्या काट्यावर ठेवून फोटो काढा, आकडा दिसेल असा. टेप लावून दुसरा, लेबल वाचता येईल असा तिसरा. वजनाचा वाद निघाला तर कुरिअरवाले हे फोटोच मागतात, आणि हरकत घ्यायला थोडेच दिवस देतात. गिऱ्हाइकाला लेबल पाठवताना सोबत दोन ओळी लिहा, "आलेल्या पिशवीतच, तशीच घडी घालून पाठवा."

मशिनीचं पुढे काय झालं ते राहिलंच. आमच्याकडे एकही फोटो नव्हता. पण कुरिअरच्या ट्रॅकिंगच्या पानावर त्यांच्याच काट्याचं वजन होतं, ३ किलो ४०० ग्रॅम. एका मशीनचं एवढं वजन भरतं कसं? ते पान आम्ही जपून ठेवलं आणि त्या दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार पोचल्याचं कळवायचं असतं आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. वस्तू सदोष असेल किंवा सांगितल्यासारखी नसेल, तर ती परत घ्यायला विकणाऱ्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. तिथेही दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. सव्विसाव्या दिवशी दुसऱ्या मशीनचे १,४५० रुपये गटाच्या खात्यात आले. पण तोवर दिवाळीची मसाल्याची ऑर्डर मेणबत्तीवर पाकिटं चिकटवून पूर्ण करावी लागली होती, आणि त्या महिन्याचं व्याज मी भरते म्हटलं तर ताईंनी भरू दिलं नाही.

पुढच्या सभेला प्रत्येक गटाने आपलं एक भरलेलं पार्सल आणि टेप घेऊन यावं. काटा मी आणते.