रेशमाचा धागा आणि वस्त्रशुद्धीचा विचार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



परदेश प्रवासाविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. प्रेक्षणीय स्थळांचे वर्णन मी करणार नाही. एका रेशीम कार्यशाळेत जे पाहिले आणि त्यातून जो प्रश्न उभा राहिला, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

उझबेकिस्तानातील फरगणा खोरे ही बाबराची जन्मभूमी. त्याच खोऱ्यातील मार्गिलान हे नगर प्राचीन रेशीम मार्गावरचे. तेथे रेशीम आजही हाताने काढले, रंगविले व विणले जाते. 'अटलस' आणि 'अद्रस' ही तेथील नामांकित वस्त्रे. अद्रसचा ताणा रेशमाचा, तर बाणा सुताचा असतो. या कलांच्या जतनासाठी तेथे झालेल्या कार्याची युनेस्कोने 2017 साली नोंद घेतली. ताण्याचे धागे ठरावीक जागी घट्ट बांधून रंगात बुडवितात. डाळिंबाची साल, कांद्याची साल, मंजिष्ठा यांपासून रंग सिद्ध करतात. या कलेला 'अब्रबंदी' म्हणतात. 'अब्र' म्हणजे मेघ. नक्षीच्या कडा मेघाप्रमाणे अस्पष्ट दिसतात. कारागिरांचे कौशल्य पाहून मस्तक नम्र होते.

परंतु या सौंदर्याचा आरंभ एका कढईपाशी होतो. तुतीची पाने खाऊन वाढलेला रेशीमकिडा स्वतःभोवती कोष विणतो. त्या एका कोषात सुमारे एक किलोमीटर लांबीचा अखंड तंतू असतो. पतंग कोष भेदून बाहेर पडला, तर तो तंतू तुटतो. म्हणून त्यापूर्वीच उष्णता देऊन आतील जीव मारला जातो. नंतर उकळत्या पाण्यात कोष सैल करून तंतू उलगडतात. एक किलो रेशमासाठी असे हजारो कोष लागतात. पतंगाला आपल्या शास्त्रात चतुरिंद्रिय जीव म्हटले आहे, हे आपणांस ठाऊकच आहे.

मार्गिलानचे कारागीर आपली वंशपरंपरागत उपजीविका करीत आहेत. त्यांना दोष देण्याचा आपणांस अधिकार नाही. प्रश्न आपल्या पूजेच्या वस्त्रांचा आहे.

पाटणचा पटोळा याच बांधणीच्या कुळातील. मात्र त्यात ताणा आणि बाणा दोन्ही बांधून रंगवितात. साळवी घराण्यांची परंपरा सांगते की, परमार्हत कुमारपाल महाराज पूजेसाठी पटोळा परिधान करीत. जालन्याहून येणारी वस्त्रे आधीच वापरलेली असतात, असे कळताच त्यांनी सातशे साळवी कुटुंबे जालन्याहून पाटणला आणून वसविली. अमारीची घोषणा करणाऱ्या या राजर्षीला वस्त्राच्या शुद्धीची केवढी चाड! तीच चाड आज आपण एक पाऊल पुढे नेऊ शकत नाही काय? वस्त्र कोणी वापरले, याबरोबरच ते कोणत्या मार्गाने निर्माण झाले, हेही शुद्धीच्या विचारात यावयास नको काय?

हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यानंतर उरलेल्या कोषांपासून 'अहिंसा रेशीम' तयार करण्याची पद्धत विकसित केली. हे रेशीम कापसाप्रमाणे कातावे लागते. त्याला झळाळी कमी व किंमत अधिक असते. तथापि केवळ नावावर विसंबू नये. ईशान्येकडील एरी रेशमाचा कोष एका टोकाला उघडा असतो, म्हणून तेही अहिंसक म्हणून विकले जाते; पण आसामात कोषातील कीटक खाण्याची प्रथा आहे. तेव्हा विक्रेत्याला विचारल्यावाचून खरेदी करू नये. निःशंक मार्ग हवा असेल, तर धुतलेले, स्वच्छ सुती वस्त्र आपल्या हाताशी आहेच.

माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे की, या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंदिरात पूजेसाठी सुती वस्त्रांचे संच उपलब्ध करावेत. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित रेशमी वस्त्रे आहेत, त्यांच्यावर कोणतीही सक्ती नसावी. नवी खरेदी मात्र विचारपूर्वक व्हावी. पन्नास वर्षांपूर्वी संस्थेच्या संस्थापकांनी लावलेल्या रोपट्याला आपण दिलेले हे पाणी ठरेल.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!