उन्हाळ्यातील परसबाग आणि बागभेटी

(लातूर येथील परसबागप्रेमींच्या मंडळाच्या मासिक बैठकीत मार्च महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाने एप्रिल ते जून या काळातील कार्यक्रम आखण्यासाठी आज ही बैठक घेतली आणि मला बोलण्याची संधी दिली याबद्दल आभारी आहे. मी कृषिविद्या विषय शिकवतो. म्हणजे माझा संबंध ज्वारी, तूर, सोयाबीनशी जास्त आणि गुलाब-शेवंतीशी कमी. तरीही जमीन तीच, पाणी तेच आणि ऊनही तेच, म्हणून हे धाडस करतो.

बागा पाहायला जाण्याचा आपला रिवाज हिवाळ्यातला आहे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते आणि ते पाहण्यासारखे असतेच. परंतु जानेवारीत कोणाचीही बाग चांगली दिसते. बाग करणाऱ्याने काय केले आणि काय केले नाही, हे मे महिन्यात कळते. म्हणून यंदा बागभेटी उन्हाळ्यातच ठेवाव्यात, असे मी सुचवतो.

लातूरकरांसमोर उन्हाळी बागेविषयी बोलताना २०१६ साल विसरून चालणार नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. त्या वर्षी शेजारच्या घरी हंडा रिकामा असताना कोणी नळीने गुलाबाला पाणी घालू लागला, तर त्याला कोणी चांगले म्हटले नसते. तसे वर्ष पुन्हा येणारच नाही असे गृहीत धरता येत नाही. तेव्हा आपला पहिला प्रश्न ‘उन्हाळ्यात बाग हिरवी कशी ठेवावी’ हा नसून ‘पिण्याच्या पाण्याला हात न लावता किती बाग जगेल’ हा आहे.

त्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या भांड्यातील पाणी दिवसाला १० मिलिमीटरहून अधिक उडते. भाजीने झाकलेल्या वाफ्याला त्यातले साधारण ६ ते ७ मिलिमीटर तरी द्यावे लागते. म्हणजे १० फूट बाय १० फूट वाफ्याला रोज सुमारे ६० लिटर, अर्थात २० लिटरच्या तीन बादल्या. चार माणसांच्या घरात भाजी, डाळ, तांदूळ धुतलेले पाणी नेटाने साठवले तरी एका बादलीच्या पुढे जात नाही. एका बादलीवर ६ फूट बाय ५ फुटांचा वाफा निघतो. उन्हाळ्यात तुमची भाजीची बाग एवढीच! बाकीचे वाफे मोकळे सोडावेत.

मोकळा वाफा म्हणजे वाया गेलेली जागा, असे समजू नये. एप्रिलच्या अखेरीस वाफा खणून, ढेकळे फोडून एकदा चांगला भिजवावा. त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरावे व कडा मातीने बुजवाव्यात. चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा. काळे प्लास्टिक वापरू नये, त्याने माती पुरेशी तापत नाही. या उष्णतेने तणांचे बी, मर रोगाची बुरशी आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी बऱ्याच अंशी कमी होतात. पाणी लागते ते एकदाच. मंडळाने एका सभासदाच्या घरी याचे प्रात्यक्षिक घ्यावे आणि जुलैत तेथील टोमॅटोची रोपे शेजारच्या साध्या वाफ्यातील रोपांशी ताडून पाहावीत.

जो वाफा ठेवाल त्यात गवार, भेंडी, चवळी यांसारखी उष्णता सोसणारी पिके घ्यावीत. टोमॅटोचा आग्रह धरू नये. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की फुले गळतात आणि आपण उगाच खत घालत बसतो. वाफ्यावर सोयाबीनचा भुसा, उसाचे पाचट किंवा पालापाचोळा दोन-तीन इंच जाड अंथरावा. वाळवीचा उपद्रव असेल तर आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये. पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांचा ताटवा उभा केला, तर दुपारनंतरचे ऊन अडते. शेडनेट विकत घेण्यापूर्वी तुराट्यांचा विचार करावा. खेड्यातून येणाऱ्या भगिनींना तर त्या फुकट मिळतील.

वेलवर्गीय भाज्यांसाठी मटका उत्तम. रंग न दिलेला, सात-आठ लिटरचा मटका गळ्यापर्यंत पुरावा, तोंडावर झाकण ठेवावे आणि भोवती वीतभर अंतरावर दोडका, कारले किंवा दुधीच्या तीन-चार बिया टोकाव्यात. तीन-चार दिवसांनी मटका भरावा. माठ जुना झाला की त्याची छिद्रे बुजतात, म्हणून घरातला टाकाऊ माठ पुरून पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

सांडपाण्याबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण येथे नुकसान होताना मी पाहतो. आंघोळीचे पाणी केळी, अळू, कर्दळ यांना चालते. पूर्वी भांडी राखेने घासत, त्यामुळे मोरीचे पाणी परसात सोडले तरी बिघडत नसे. कपडे धुण्याच्या पावडरीत मात्र सोडियमचे क्षार असतात. आपली काळी माती त्यांनी चोपण होते. वर पापुद्रा धरतो, आत पाणी जिरत नाही. हे नुकसान त्या उन्हाळ्यात दिसत नाही, पुढच्या पावसाळ्यात वाफ्यात पाणी साचू लागते तेव्हा लक्षात येते. पहिल्या धुण्याचे पाणी बागेत कटाक्षाने टाळावे, शेवटच्या खळबळण्याचे वापरावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे पाणी बाहेर पडते त्याची चौकशी हल्ली सगळेच करतात. बोअरचे पाणी आधीच क्षारयुक्त असेल तर यंत्रातून पडणारे त्याहून अधिक क्षारयुक्त असते. ते फरशी पुसायला ठेवावे.

आता बागभेटींकडे वळतो. भेट सकाळी साडेसहाला सुरू करून साडेआठला संपवावी. निदान एक भेट मुद्दाम दुपारी चारला ठेवावी, म्हणजे कोणत्या भिंतीची झळ कोणत्या कुंडीला लागते ते दिसेल. बागेत गेल्यावर फुलांचे कौतुक जरूर करावे, परंतु त्याआधी आच्छादन बाजूला सारून मातीत बोट घालून पाहावे. पाणी कोठून येते, किती दिवसांनी देता, कोणते झाड मेले आणि का मेले, हे विचारावे. मेलेल्या झाडाविषयी सांगायला यजमानाला संकोच वाटतो. तो वाटू नये अशा रीतीने विचारावे, कारण पाहुण्यांच्या उपयोगाची माहिती तेथेच असते.

रोपांच्या देवघेवीबद्दल एक सूचना. मातीसकट दिलेल्या रोपाबरोबर सूत्रकृमी आणि जास्वंदीच्या फांदीबरोबर पिठ्या ढेकूण घरी येतो. उन्हाळ्यात रोपे देऊ-घेऊ नयेत, तशीही ती जगत नाहीत. त्याऐवजी बियांची देवाणघेवाण करावी. दोडका, दुधी, वाल, गवार यांचे वाळलेले बी नावाची चिठ्ठी घालून आणावे. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये. जूनमध्ये लिंबोळ्या पडू लागतील. त्या वेचून, गर काढून सावलीत वाळवण्याचा एक दिवस मंडळाने ठेवावा. अर्धा किलो लिंबोळी कुटून रात्रभर भिजवली की दहा लिटर ५ टक्के अर्क होतो, आणि घरच्या बागेला तो पुरतो.

काही सभासदांनी सुचवले आहे की, टँकरच्या पाण्यावर जगवलेल्या बागेला मंडळाने भेट देऊ नये. सूचना कडक आहे, पण मला ती पटते. अपवाद एकच असावा: दोन-तीन वर्षांची फळझाडे. भाजीचे बी पुन्हा थोडक्या पैशांत मिळते, पण आंब्याच्या किंवा लिंबाच्या कलमाची गेलेली तीन वर्षे परत मिळत नाहीत. म्हणून प्रत्येकाने आपल्या बागेची यादी आजच करावी. पाणी तुटले तर आधी भाजी सोडायची, मग हंगामी फुले, नंतर मोगरा-जास्वंद, आणि सर्वांत शेवटी कलमे. मोगऱ्याची मुळे जिवंत राहिली तर पावसात तो पुन्हा फुटतो. कलमाच्या बुंध्याजवळ सलाईनची जुनी बाटली टांगून थेंब-थेंब पाणी दिले तरी ते तगते.

पहिली भेट मेच्या दुसऱ्या रविवारी ठरली आहे. येताना डोक्याला रुमाल, पिण्याचे पाणी घरचे आणि बरोबर ही यादी आणावी. ज्यांच्याकडे वाफा मोकळा सोडायचा आहे त्यांनी आज जाताना माझ्याकडे नाव द्यावे, म्हणजे प्लास्टिक किती लागेल ते एकदम मोजून आणता येईल.